कुजबूजकाका आणि तिसरा दिवा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक टेबल दिसतं. टेबलावर मेणकापड, त्यावर फाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यातून काढून उभी केलेली एक काळी पेटी, जाडजूड पुस्तकाएवढी. पेटीच्या कपाळावर चार बारके दिवे. पहिला हिरवा, स्थिर. दुसरा हिरवा, स्थिर. तिसरा लुकलुकतोय. चौथा विझलेला. उजव्या अंगाला खिडकी, खिडकीत समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी आणि दुपारचं दमलेलं ऊन. डाव्या अंगाला खुर्चीत एक वयस्क बाई. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, जणू शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चेहरा दिसला पाहिजे. आणि टेबलाशी, दोन्ही कोपरं टेकून, तिसऱ्या दिव्याकडे टक लावून बसलेले एक किडकिडीत गृहस्थ. उजेड नेमका त्यांच्यावर पडलाय, आणि त्यांना त्याची मुळीच सवय नाही.

हे कुजबूजकाका. नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. म्हणजे विंगेच्या अंधारात संहिता घेऊन उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्याकडे सोडायचा. इतका हलका, की नटाला पोचावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. ऐकायला सोपं वाटतं. शब्द लवकर दिला तर नट खवळतो, "मला येत होतं की!" उशिरा दिला तर प्रयोग आडवा होतो. काकांनी उभी हयात हेच केलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं. बाकी सगळ्यांसाठी ते आधी कुजबूज आणि केस पिकल्यावर कुजबूजकाका. एवढं कुजबुजून त्यांचा मूळचा आवाज कुठं गेला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुकानात काही मागितलं तर दुकानदार आधी त्यांच्या मागं बघायचा, कोण बोललं म्हणून.

खुर्चीतल्या बाई म्हणजे त्यांची बायको, आणि त्याच कंपनीची एके काळची नायिका. कंपनीत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे, काकाही तेच म्हणत, लग्नानंतरसुद्धा. बाईंकडे रूप होतं, आवाज होता, रंगमंचावर नुसत्या चालत आल्या तरी लोक खोकायचे थांबत. फक्त पाठांतर नव्हतं. वाक्य विसरलं की बाई संथपणे मान विंगेकडे वळवत, डोळे जरा लांबवर लावत, आणि काकांच्या ओठांवरून पुढचा शब्द उचलून परत लोकांकडे वळत. आवाजाची गरजच नसे. प्रेक्षकांना वाटायचं, काय ही विचारात हरवली आहे! एका समीक्षकानं तर त्यांच्या 'अर्थपूर्ण विरामां'बद्दल अर्धा रकाना लिहिला होता. तो वाचून काका दिवसभर हसत होते. लग्न का केलंत या प्रश्नावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "करणार काय? माझी सगळी वाक्यं ह्यांच्याकडे."

पुढं कंपनी बंद पडली. लेक शिकली, लग्न करून समुद्रापार गेली. आणि बाईंचे कान गेले. एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. आधी दाराची घंटा गेली, मग किटलीची शिट्टी, मग शेजारणीचं भांडण, ज्याचं बाईंना खरोखर वाईट वाटलं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण "गिरणी चालू झाल्यासारखं होतं," म्हणून ते कपाटात पडून आहे. घरात त्यानं अडत नव्हतं. ओठ वाचायची सवय जुनीच होती, आणि समोर वाचायला ओठही जुनेच होते.

अडलं ते फोनवर.

लेकीचा फोन आला की त्याचा प्रयोग असा चालायचा: रिसीव्हर काकांच्या कानाला. बाई समोर खुर्ची ओढून बसलेल्या. लेक बोलणार, काका ऐकणार आणि तेच ओठांनी बाईंना देणार. मग बाई पुढं वाकून रिसीव्हरमध्ये खणखणीत उत्तर देणार. लेकीचं बोलणं काकांच्या तोंडून, बाईंचं बाईंच्या. काका दोन्ही बाजूंना राबायचे आणि प्रत्येक फोननंतर पलंगावर आडवे व्हायचे.

अशाच एका फोनमध्ये बाईंनी विचारलं, "जावईबापू कसे आहेत?"

मग लेक म्हणाली, "आई, तो आता इथे राहत नाही. आम्ही वेगळे झालो."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई उत्सुकतेनं त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. आणि जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या एका काना-मात्रेला हात लावला नव्हता, त्या माणसाचे ओठ हलले: "बरे आहेत. कामात बुडालेत."

"मग जरा कमी काम करा म्हणावं!" बाईंनी रिसीव्हरमध्ये हुकूम सोडला.

लेक हुशार. तिला पलीकडे काय झालं ते कळलं. "बाबा, तुम्ही सांगितलंच नाहीत ना?"

काकांनी घसा साफ केला.

"बरं. आता सांगूही नका," ती म्हणाली. "असं तुमच्याकडून नकोच. मी तिला तोंडानं सांगेन, तिला माझं तोंड दिसत असताना. घरी इंटरनेट घ्या बाबा. लॅपटॉप मी ठेवलेला आहेच. घ्याल ना?"

घेतो म्हणायला काय जातं? काका घेतो म्हणाले. पण त्यात महिने गेले. दर फोनला बाई जावयाची चौकशी करायच्या आणि काका त्याला कामात बुडवायचे. जावई इतका कामात बुडाला की बाईंना संशय यायला लागला.

"ती एवढं बोलली आणि तुमचं वाक्य एवढुसं? कापताय तुम्ही."

"नाही गं."

"मला शिकवू नका. अर्धं पान कापल्याशिवाय प्रवेश इतका झटकन संपत नाही."

शेवटी बाईंनीच हट्ट धरला. लेकीचा चेहरा मला बघायचाय, मध्ये कुणी नको. काकांना हे शेवटचे तीन शब्द बोचले, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. ते थकले होते. एक खोटं सांभाळायला दहा माणसांचं पाठांतर लागतं, आणि ते सगळं त्यांनाच करावं लागत होतं.

तर काका केबल कंपनीच्या कचेरीत गेले. टीव्हीची वायर घरात होतीच. त्याच वायरीवरून इंटरनेट येतं, मध्ये फक्त मॉडेम नावाची पेटी बसवायची, असं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं सांगितलं होतं. कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एकमेकांना चिकटवलेल्या, त्यामुळे शेजारचा उठला की आपण हलायचं. बराच वेळ असं हलल्यावर काकांची पाळी आली. काचेपलीकडच्या मुलीनं दोनदा ऐकायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "काका, ओठ हलतायत, पण आवाज काचेच्या तिकडेच राहतोय." मग काकांनी काचेच्या खालच्या फटीत तोंड घातलं. मुलीनं शहाणीसारखा कान त्या फटीला लावला. असं त्यांचं जमलं.

ठरलं असं, की माणूस येईल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत केव्हाही. काका सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. दुपारी फक्त आंघोळीला उठले. "तू दाराशी बस," म्हणून बाईंना बसवून गेले. बाहेर येऊन बघतात तर दाराच्या फटीतून आत सरकवलेली चिठ्ठी: घर बंद होतं, परत गेलो.

बाईंनी चिठ्ठी वाचली. वाचून त्या उभ्याच राहिल्या. "घर बंद? मी इथे बसले होते! दाराला टेकून! मी म्हणजे काय कुलूप आहे?"

"त्यानं घंटा वाजवली असेल, बाई."

"घंटा काय वाजवायची? आत येऊन समोर उभं राहायचं!"

माणसाची पुढची तारीख इतकी लांबची मिळाली की काका परत कचेरीत गेले. तिथं काचेपलीकडच्या मुलीनंच सुचवलं, पेटी घेऊन जा, स्वतः जोडा, आत चित्रं दिलीत. चित्रांत एक हसरा, टकला माणूस एका हातानं वायर धरून दुसऱ्या हातानं अंगठा दाखवत होता. काका तसे वायरींना घाबरणारे नव्हते. टीव्हीची जाड वायर पेटीच्या पाठीत पिळून बसवली, विजेची जोडली, लॅपटॉपची जोडली. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा लुकलुकायला लागला. चित्रातल्या टकल्याच्या मते तो हळूहळू स्थिर व्हायला हवा होता, आणि मग चौथा.

"तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा वर जायचा नाही," काका बाईंना म्हणाले आणि बसून राहिले.

ती घंटा काही होईना. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, दिवा आपला लुकलुक, लुकलुक.

मग कंपनीला फोन. फोनवर आधी यंत्र. "कृपया आपली अडचण बोलून सांगा." काकांनी सांगितली. "माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही." काकांनी पुन्हा सांगितली. यंत्रानं पुन्हा माफी मागितली. असं दोघांनी एकमेकांशी फार सभ्यपणे बराच वेळ चालवलं. बाई बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, पण नट पडतोय हे नायिकेला लांबूनही कळतं. त्या उठल्या, रिसीव्हर ओढून घेतला आणि सगळ्या बाल्कनीला पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "आमचा तिसरा दिवा लागत नाही!"

यंत्र म्हणालं, "धन्यवाद," आणि फोन पुढं जोडून दिला.

पलीकडे एक मुलगी. आवाज कोवळा, पण दमलेला. "आपली अडचण सोडवायला मला आनंद होईल, पेटीच्या पाठीमागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा." काकांनी बसवली. "पेटी बंद करा, थोडा वेळ थांबा, पुन्हा चालू करा." केली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा फोन केला तर योगायोगानं तीच मुलगी, आणि तेच. तिसऱ्यांदाही तिचाच आवाज. एव्हाना काकांच्या कानांनी तिला ओळखलं होतं. ती वाचत होती. वाक्य जिथं संपायला हवं तिथं नाही, ओळ जिथं संपत होती तिथं ती श्वास घेत होती.

"आपली अडचण सोडवायला मला आनंद होईल," ती म्हणाली. मग थांबली. पान उलटल्याचा आवाज नाही, काही नाही. नुसतीच थांबली. दिवसभराच्या कंटाळ्यानं तिचं डोकं कोरं झालं असावं.

काकांनी मनात दोन ठोके मोजले. नटाला संधी द्यायची असते. मग त्यांच्या ओठांतून आपसूक निघालं: "पेटीच्या पाठीमागची वायर काढून..."

"...पुन्हा घट्ट बसवा," ती म्हणाली, आणि दचकली. "हे काय? तुमच्याकडे पण आहे का हे पान?"

"नाही हो. तुमचं ऐकून पाठ झालं."

"मग पुढचं काय आहे?"

काकांनी सगळं म्हणून दाखवलं, तिच्या श्वासांसकट. पलीकडे ती इतकी हसली की कुणीतरी तिला दटावल्याचंही ऐकू आलं.

"आणि शेवटी," ती आवाज खाली आणून म्हणाली, "'आम्ही आमचा माणूस पाठवू.'"

"तो आला की आमचं घर बंद असतं."

पुन्हा हसू. आता काकांना तिचं कुजबुजणं ऐकायला सोपं जात होतं, आणि तिला त्यांचं. दोघं एकाच जातीच्या आवाजात बोलत होते. "थांबा काका," ती म्हणाली, "पान ठेवते बाजूला. भिंतीतून वायर निघते ना, तिच्यामागं जा. मध्ये कुठं एखादी छोटी डबी आहे का? एक वायर आत जाते आणि दोन बाहेर येतात अशी?"

काका वायरीमागं निघाले. वायर टेबलाखालून, भिंतीच्या कडेनं कपाटामागं गेली. कपाट सरकवताना बाईंनीही खांदा लावला. मागं, धुळीच्या पांघरुणाखाली, पत्र्याची एक डबी. काकांनी बघताक्षणी ओळखली, कारण ती त्यांनीच बसवली होती. लेक शाळेत होती तेव्हा टीव्हीवरून घरात रोज रणकंदन व्हायचं. काकांनी जुना टीव्ही दुरुस्त करून तिच्या खोलीत ठेवला आणि वायरीला फाटा फोडला. टीव्ही कधीच भंगारात गेला. फाटा तसाच राहिला. उघडं तोंड घेऊन तिच्या रिकाम्या खोलीत, पलंगाखाली.

"मग तेच," काकांनी परत येऊन फोनवर सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली. "अर्धा जोर तिकडे वाया जातोय. डबी काढा, आणि भिंतीची वायर सरळ पेटीत लावा. पण टीव्ही मग बंदच राहील हं."

काकांनी बाईंकडे तोंड करून ते ओठांनी सांगितलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नाही तरी त्यात सगळे मिशांतल्या मिशांत बोलतात."

काकांनी मुलीचे आभार मानले. मग गुडघे मुडपून ते कपाटामागं बसले. डबीचे आटे गंजले होते. फिरवून फिरवून बोटं लाल झाली. आणि शेवटचा आटा सुटायच्या बेताला आला तेव्हा त्यांचा हात थांबला.

हा सुटला की दिवा लागणार. दिवा लागला की लेक दिसणार. लेक दिसली की बाईंना कळणार, जावई किती दिवस कामात बुडाला होता ते. आणि कुणी बुडवला होता तेही. नुसतं म्हणायचं, नाही जमत, आपल्या भिंतीत जोर नाही. कोण तपासायला येणार आहे? घर तर बंद असतं. काका धुळीत बसून राहिले. आटा फिरवायचा धीर होत नव्हता आणि खोटं बोलायचं बळही उरलं नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसानं या दोहोंपैकी काय करावं?

कपाटाच्या कडेनं बाईंचा चेहरा डोकावला. अडखळलेला माणूस त्यांनी ओळखला. आवाज न करता, नुसत्या ओठांनी, त्यांनी शब्द दिला.

"फिरवा."

काकांनी फिरवला.

पेटीत वायर बसली. पहिला दिवा. दुसरा. तिसरा लुकलुकला, लुकलुकला, आणि थांबला. हिरवागार. मग चौथा, कुणी न सांगता. बाईंनी हलकेच टाळी वाजवली, एकदाच.

लेकीला आधी फोन करून सांगितलं. लॅपटॉप लावला. बाईंनी केस सारखे केले, खुर्ची मध्यभागी घेतली. काकांनी आपली खुर्ची बाजूला, चौकटीबाहेर ओढली, सवयीनं.

पडद्यावर लेक आली. जरा वाळलेली, मागं उघडी खिडकी, हातात कप. बाई बघतच राहिल्या. मग बोट पुढं करून काचेला लावलं आणि मागं घेतलं. "केस का कापलेस?"

"सोपं पडतं गं, आई." लेक सावकाश, तोंड उघडून बोलत होती.

"'सोपं पडतं,'" बाई स्वतःशी म्हणाल्या आणि काकांकडे न बघता हसल्या. मध्ये कुणी नव्हतं. दोघी बोलत राहिल्या, दात, गुडघे, तिकडची थंडी. काका मांडीवर हात ठेवून बसले होते. कामाशिवाय बसणं त्यांना जड जात होतं, पण जडपणातही अंग सैल पडत होतं.

मग बाईंनी मान तिरकी केली, लेकीच्या मागं बघितलं. "जावईबापू दिसत नाहीत ते? अजून कामातच?"

लेकीनं कप खाली ठेवला. तोंड उघडलं. आणि चित्र थिजलं. अर्धे उघडे ओठ, मिटत आलेली एक पापणी. हलेना की डुलेना. पेटीवर तिसरा दिवा पुन्हा लुकलुकत होता. आवाज मात्र येत होता, तुटकतुटक पण स्पष्ट: "आई, तो इथे राहत नाही. आम्ही वेगळे झालो. बरेच दिवस झाले. मला तुला हे समोर बसून सांगायचं होतं."

बाईंना त्यातलं काहीच पोचलं नाही. त्या थिजलेल्या ओठांकडे बघत होत्या. वाट बघून त्यांनी मान संथपणे बाजूला वळवली, विंगेकडे वळवत असत तशी, आणि डोळे काकांच्या ओठांवर आणून ठेवले.

"काय म्हणाली?"

काकांचे ओठ उघडले. जुनं वाक्य तिथंच होतं, तयार. बाई थांबल्या होत्या. दिवा लुकलुकत होता.

काकांनी खुर्ची ओढली आणि चौकटीत आले. पेटीमागची वायर एका हातानं घट्ट दाबून धरली, आणि पडद्याकडे तोंड करून, पण बाईंना ओठ दिसतील असं, लेकीला म्हणाले. कुजबुजले नाहीत. घशातून आला तो आवाज घोगरा होता, जाडाभरडा होता, आणि त्यांचाच होता.

"थांब, बाळ. चित्र हललं की आत्ताचं सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हण. मी नाही सांगणार, आई बघतेय तुझ्याकडे."